वजन ओढायचं तर वजन हवं

बैलगाडा शर्यतीचे व्हिडिओ तुम्ही मोबाइलवर पाहिले असतील. 2014 साली सुप्रीम कोर्टाने त्यावर बंदी घातली आणि मे 2023 मध्ये महाराष्ट्राचा त्याबाबतचा कायदा ग्राह्य धरला, त्यामुळे हा विषय घरातही निघाला असेल. तिथे सगळा खेळ वेगाचा. आंध्र-तेलंगणात मात्र बैलजोड्या भलामोठा दगड ओढतात, आणि तिथे वेगापेक्षा जोर महत्त्वाचा. आजचा विषय या दुसऱ्या जातीचा आहे, फक्त बैलांच्या जागी ट्रॅक्टर.

अमेरिकेत 1929 पासून या स्पर्धा होतात. सर्वांत साधा प्रकार असा: एका लोखंडी पाट्यावर वजनं रचायची, तो ट्रॅक्टरला साखळीने जोडायचा आणि ठरलेलं अंतर ओढायचा. जमलं की वजन वाढवायचं. शेवटी जो उरला तो जिंकला. पाट्यावरचं वजन ओढताना बदलत नाही, म्हणून हे 'मृत वजन'. (पूर्वी एका प्रकारात पाटा पुढे जाईल तशी वाटेतली माणसं त्यावर चढत जायची. आपल्याकडे ढेकळं फोडताना बैलांमागच्या फळीवर माणूस उभा राहतो, तसंच.) आज मोठ्या स्पर्धांत दिसतं ते यंत्र वेगळं. त्यात वजनाची पेटी हळूहळू पुढे सरकते आणि ओढणं जड होत जातं.

आता प्रश्न असा, की जास्त हॉर्सपॉवरचा ट्रॅक्टर जिंकतो का? हिशोब करून बघू. समजा ट्रॅक्टर 3000 किलोचा आहे आणि उभा असताना त्यातले 1950 किलो मागच्या चाकांवर आहेत. चांगल्या मातीत चाकाला त्याच्यावरच्या भाराच्या साधारण 80 टक्के पकड मिळते असं धरू. ओढताना पुढचा थोडा भार मागे सरकतो, तो धरून खेच येते सुमारे 1950 किलोची. एवढी खेच 50 हॉर्सपॉवरचं इंजिन ताशी 7 किलोमीटरने देऊ शकतं. 25 हॉर्सपॉवरचंही देईल, फक्त निम्म्या वेगाने! (गिअर-बिअरमधलं नुकसान इथे सोडून दिलंय.) म्हणजे इंजिन वेग ठरवतं आणि चाकांवरचा भार खेच ठरवतो. म्हणूनच स्पर्धेआधी ट्रॅक्टरचं वजन करून गट पाडतात. आपले शेतकरी मागच्या टायरमध्ये पाणी भरतात, तेही याचसाठी.

हे तुम्ही कुवेतच्या वाळवंटात पाहिलंच असेल. वाळूत रुतलेल्या गाडीचा ॲक्सिलरेटर दाबला की इंजिन गर्जतं, चाक जागच्या जागी फिरतं आणि गाडी अजून खाली जाते. ताकद आहे, पकड नाही. टायरची हवा कमी केली की टायर पसरतो, भार जास्त वाळूवर वाटला जातो आणि चाक रुतायचं थांबतं.

खरी मेख मात्र साखळीच्या हुकात आहे. तो जमिनीपासून अर्धा मीटर वर असेल आणि पुढच्या-मागच्या चाकांत 2 मीटर अंतर असेल, तर वरच्या ट्रॅक्टरचा जवळपास 490 किलो भार पुढून मागे जातो. फायदाच झाला. मग हुक अजून वर लावू या की! 1 मीटरवर लावलात तर खेच वाढते, पण सरकणारा भार पुढच्या चाकांवर असलेल्या 1050 किलोंपेक्षा जास्त होतो. पुढची चाकं उचलली जातात, आणि ट्रॅक्टर सेकंद-दीड सेकंदात मागे उलटू शकतो. क्लच दाबायलाही वेळ मिळत नाही. म्हणून नियमांत हुकाच्या उंचीला मर्यादा असते आणि ट्रॅक्टरच्या नाकावर जादा वजनं टांगलेली दिसतात.

पंजाबात 'टोचन' म्हणून दोन ट्रॅक्टर पाठीला पाठ लावून एकमेकांना ओढतात. पुढची चाकं हवेत गेली की गर्दी शिट्ट्या मारते. मला तो क्षण बघवत नाही. 2023 मध्ये एका स्टंटमध्ये तो करणाऱ्याचाच जीव गेला आणि पंजाब सरकारने ट्रॅक्टरच्या स्टंटवर बंदी आणली.

तेव्हा कॅम्पिंगला गेल्यावर कोणाची गाडी ओढायची वेळ आली, तर दोर कंपनीने दिलेल्या खालच्या हुकालाच बांधा, हिसका देऊ नका, आणि ताणलेल्या दोराच्या आसपास कोणाला उभं राहू देऊ नका. त्याआधी चाकांपुढची वाळू मात्र हाताने उपसा.