चालत्या गाडीतील बिनतारी संच

पेण तालुक्यातील हमरापूर हे गाव गणेशमूर्तींसाठी सर्वदूर ओळखले जाते. परंतु संदेशवहनाच्या अभ्यासकाला या गावाचे महत्त्व वाटावे ते त्याच्या भूगोलामुळे. पश्चिमेला धरमतरच्या खाडीपर्यंत पसरलेल्या सपाट खारजमिनी, पूर्वेला एकामागून एक उंचावत जाणाऱ्या डोंगररांगा आणि या दोहोंच्या मधल्या पट्टीतून जवळजवळ जोडीने जाणारे दोन मार्ग, असा हा परिसर आहे. एक मार्ग म्हणजे मुंबई–गोवा महामार्ग, ज्याचा क्रमांक पूर्वी १७ होता आणि आता ६६ आहे; दुसरा म्हणजे पनवेल–रोहा लोहमार्ग, ज्यावर जिते आणि पेण यांच्या दरम्यान हमरापूर नावाचे स्थानक आहे. या दोन्ही मार्गांवरून बिनतारी संच बाळगणारी वाहने दररोज ये-जा करतात. रस्त्यावर पोलिसांच्या गाड्या असतात, रुळांवर आगगाड्या असतात, आणि क्वचित एखाद्या खासगी मोटारीच्या टपावर हौशी रेडिओचालकाची उंच, सडपातळ अँटेनाही दिसून येते.

दुतर्फी रेडिओ म्हणजे ज्या एकाच संचातून बोलताही येते आणि ऐकताही येते असे यंत्र. मात्र बोलणे आणि ऐकणे या दोन क्रिया त्यात एकाच वेळी होत नाहीत. माइकवरील कळ दाबली की संच प्रक्षेपण करू लागतो आणि त्याचा ग्राहक भाग बंद होतो. कळ सोडली की तो पुन्हा ऐकू लागतो. टेलिफोनपेक्षा हा संच वेगळा ठरतो तो आणखी एका कारणाने: त्यावरील बोलणे दोघांपुरते मर्यादित राहत नाही, तर त्या वारंवारतेवर लावलेला टापूतील प्रत्येक संच ते ऐकत असतो. महामार्गावर एखादे अवजड वाहन उलटल्याची खबर एका गाडीने नियंत्रण कक्षाला दिली, तर ती पुढच्या-मागच्या सर्व गाड्यांना वेगळे न सांगताच कळते. गणेशोत्सवाआधी मूर्तींनी भरलेले टेंपो मुंबईच्या दिशेने आणि चाकरमान्यांच्या गाड्या कोकणाच्या दिशेने एकाच वेळी धावत असतात. त्या दिवसांत या गुणाचे मोल फोनच्या शेकडो खासगी संभाषणांनी भरून निघणारे नाही.

वाहनात रेडिओ बसवण्याचा इतिहास मुख्यतः पोलिसांचा इतिहास आहे. ऑस्ट्रेलियातील मेलबर्न शहराच्या पोलिसांनी १९२३ च्या सुमारास गस्तीच्या मोटारीत बिनतारी यंत्रणा बसवली. अमेरिकेतील डेट्रॉइटच्या पोलिसांनी १९२८ मध्ये गाड्यांना रेडिओवरून हुकूम देण्यास आरंभ केला, पण त्या गाड्यांना फक्त ऐकता येई. हुकूम मिळाल्याचे कळवायचे तर उतरून टेलिफोन शोधावा लागे. उत्तर देऊ शकणारी गाडी न्यू जर्सीतील बेयॉन येथे १९३३ मध्ये आली. त्याच वर्षी अभियंते एडविन आर्मस्ट्राँग यांना वारंवारता-विरूपण, म्हणजे एफएम, या पद्धतीची एकस्वे मिळाली. या पद्धतीत आवाजाची माहिती तरंगाच्या जोरात न साठवता त्याच्या वारंवारतेच्या सूक्ष्म चढ-उतारात साठवली जाते, त्यामुळे इंजिनाच्या ठिणग्यांचा खरखराट बराचसा गाळला जातो. चालत्या गाडीतील संभाषण समजण्याजोगे झाले ते या शोधामुळे, आणि पोलिसांच्या साध्या संचांची पद्धत दीर्घकाळ तीच राहिली.

हातात धरण्याचा वॉकीटॉकी असताना गाडीत वेगळा संच कशासाठी, हा प्रश्न स्वाभाविक आहे. आगगाडीचा लोको पायलट आणि गार्ड (ज्यांचे पदनाम २०२२ पासून ट्रेन मॅनेजर असे झाले) हे १५० मेगाहर्ट्‌झच्या आसपास चालणारे वॉकीटॉकी वापरतात आणि गाडीच्या दोन टोकांमधले किंवा जवळच्या स्थानकाशी होणारे संभाषण त्यांवर भागते. पण हाच वॉकीटॉकी पोलादी पत्र्याच्या बंद गाडीत धरला, तर त्याची आखूड अँटेना जणू डब्यात कोंडली जाते. तरंग खिडक्यांच्या काचांमधून जेवढे बाहेर पडतील तेवढेच. शिवाय त्याची शक्ती साधारणपणे पाच वॅट असते, तर गाडीत पक्का बसवलेला संच २५ ते ५० वॅट देऊ शकतो. तरीही वाहनसंचाचा खरा लाभ वॅटच्या आकड्यात नसून अँटेना पत्र्याच्या बाहेर, उंचावर जाते यात आहे, आणि संच विकत घेणारे बहुतेकजण याच गोष्टीकडे दुर्लक्ष करतात.

अँटेनेची लांबी तरंगलांबीवरून ठरते. भारतात हौशी रेडिओसाठी राखलेल्या १४४ ते १४६ मेगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात तरंगलांबी सुमारे दोन मीटर भरते. तिचा चतुर्थांश, म्हणजे साधारण अर्ध्या मीटरची उभी सळई, ही गाडीवरची सर्वांत साधी आणि विश्वासू अँटेना होय. परंतु ही सळई म्हणजे निम्मीच अँटेना असते. उरलेला निम्मा भाग म्हणजे तिच्याखालचा पत्रा, ज्याला भूपटल म्हणता येईल. सळईतून वाहणाऱ्या विद्युतप्रवाहाचा प्रतिप्रवाह या पत्र्यात वाहतो. म्हणून टपाचा मध्य ही उत्तम जागा ठरते, कारण तेथे चारही बाजूंना पत्रा सारखा पसरलेला असतो. अँटेना मागच्या कोपऱ्यावर बसवली, तर पत्रा ज्या दिशेला अधिक पसरला असेल त्या दिशेला तरंग अधिक जोराने जातात आणि इतर दिशा काहीशा आंधळ्या होतात. पोलिसांच्या गाडीत टपाचा मध्य दिव्यांच्या पट्टीने आधीच व्यापलेला असतो, तेव्हा तडजोड करावी लागते. पण ही तडजोड आहे याचे भान बसवणाऱ्याला असले पाहिजे.

संचापासून अँटेनेपर्यंत जाणारी समाक्ष केबल, म्हणजे मध्ये एक तार आणि तिच्याभोवती जाळीचे वेष्टन असलेली वाहिनी, ही आणखी एक दुर्लक्षित वस्तू आहे. नेहमी वापरल्या जाणाऱ्या बारीक जातीच्या केबलमध्ये, या वारंवारतेवर, पाच मीटरच्या अंतरात सुमारे एक पंचमांश शक्ती उष्णतेत विरून जाते. केबल आणि अँटेना यांचा मेळ बसला आहे की नाही हे स्थिरतरंग गुणोत्तर मोजणाऱ्या मीटरवर कळते. ते १.५ असेल तर जेमतेम चार टक्के शक्ती संचाकडे परत फिरते, ३ असेल तर पंचवीस टक्के. हे माप गाडीची दारे बंद करून, उघड्या जागेत घ्यावे. गॅरेजच्या पत्र्याखाली घेतलेले माप फसवे निघते.

वीजपुरवठ्याचा विचार यापेक्षाही काटेकोरपणे करावा लागतो. पन्नास वॅटचा संच प्रक्षेपण करताना साधारणपणे दहा अँपिअर किंवा त्याहून अधिक प्रवाह ओढतो, आणि एवढा प्रवाह सिगारेट लायटरच्या खोबणीतून घेणे हे तिच्या तारांना झेपणारे नसते. समजा बॅटरीपासून संचापर्यंत चार मीटरचे अंतर आहे, म्हणजे जाण्या-येण्याची मिळून आठ मीटर तार. ती एक चौरस मिलिमीटर जाडीची असेल, तर दहा अँपिअरला जवळजवळ दीड व्होल्ट तारेतच खर्ची पडतात. अडीच चौरस मिलिमीटरची असेल, तर अर्ध्या व्होल्टच्या आसपास. इंजिन चालू असताना आल्टरनेटर पावणेचौदा व्होल्टच्या जवळपास दाब राखतो, तेव्हा हा फरक जाणवत नाही; इंजिन बंद करून रात्रभर उभ्या असलेल्या गस्तीच्या गाडीत मात्र साडेबारा व्होल्टमधून दीड व्होल्ट गेले की आवाज चिरकू लागतो किंवा संच ऐन प्रक्षेपणात बंद पडतो.

तार थेट बॅटरीपासून आणावी आणि तिचा फ्यूज बॅटरीच्या शक्य तितक्या जवळ असावा, कारण फ्यूज संचाचे नव्हे, तर प्रामुख्याने तारेचे रक्षण करतो. इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्याच्या भोकात तार घासून उघडी पडली, तर आग लागते ती तारेलाच. त्या भोकात रबरी कडे बसवणे हे पाच मिनिटांचे काम टाळले जाते, ही खेदाची गोष्ट आहे. अलीकडच्या गाड्यांत बॅटरीच्या ऋण टोकावर प्रवाह मोजणारा संवेदक असतो. अशा वेळी संचाची ऋण तार त्या टोकाला न जोडता, बॅटरी जेथे गाडीच्या सांगाड्याला जोडलेली असते तेथे जोडावी, म्हणजे संवेदकाचा हिशोब चुकत नाही. संच, त्याचे कंस आणि माइकचा हुक एअरबॅगच्या उघडण्याच्या मार्गात कदापि येऊ देऊ नयेत.

एवढे सगळे नीट झाले तरी अंतिम निर्णय जमिनीचा असतो. या वारंवारतेचे तरंग बहुतांशी सरळ रेषेत जातात आणि त्यांचे क्षितिज, किलोमीटरमध्ये, मीटरमधील उंचीच्या वर्गमुळाच्या सुमारे ४.१२ पट असते. दोन मीटर उंचीवर अँटेना असलेल्या दोन गाड्या सपाट जागेत तत्त्वतः बारा किलोमीटरपर्यंत बोलू शकतील. खारजमिनींच्या बाजूला, हमरापूरहून पश्चिमेकडे, हे गणित बऱ्यापैकी खरे ठरण्याजोगे आहे. उत्तरेला कर्नाळ्याच्या खिंडीत शिरलेल्या गाडीला मात्र दोन्ही बाजूंचे डोंगर झाकून टाकतात. यावरचा उपाय म्हणजे पुनर्प्रक्षेपक, अर्थात रिपीटर: उंच डोंगरावर ठेवलेला असा संच जो एका वारंवारतेवर ऐकतो आणि तेच बोलणे त्याच क्षणी दुसऱ्या वारंवारतेवर अधिक जोराने पुन्हा सोडतो. माथेरानच्या पठाराएवढ्या, म्हणजे सुमारे आठशे मीटर उंचीवर अँटेना असेल, तर गाडीपर्यंतचे क्षितिज गणिताने एकशेवीस किलोमीटरच्या घरात जाते. चालत्या गाडीत रिपीटर ऐकताना आवाज क्षणाक्षणाला फडफडतो, कारण सरळ आलेला आणि डोंगरावरून परावर्तित झालेला असे दोन तरंग कधी एकमेकांना बळ देतात, कधी खोडून काढतात. अशा वेळी गाडी हातभर पुढे-मागे घेतली तरी बोलणे स्वच्छ होऊ शकते, कारण दोन मीटरच्या तरंगाला अर्धा मीटर पुष्कळ असतो.

डोंगराला वळसा घालण्याचा दुसरा मार्ग हौशी चालकांना ठाऊक असतो. सात मेगाहर्ट्‌झच्या पट्ट्यातील तरंग वर जाऊन आयनांबरावरून, म्हणजे वातावरणाच्या विद्युतभारित थरावरून, खाली परततात आणि मधली रांग ओलांडून दिवसा काही शे किलोमीटरचा टापू व्यापतात. मात्र तेथे चतुर्थांश तरंगलांबी साडेदहा मीटर भरते. गाडीवर तेवढी सळई शक्य नसल्याने दोन-अडीच मीटरच्या सळईत वेटोळे घालून तिला विद्युतदृष्ट्या लांब करावे लागते, आणि त्या वेटोळ्यात व पत्र्यात बरीच शक्ती हरवते.

रायगड जिल्ह्याला या यंत्राची गरज का भासते, हे त्याच्या अलीकडच्या इतिहासावरून कळते. जुलै २००५ मध्ये महाड तालुक्यातील दासगाव, जुई, कोंडिवते येथे दरडी कोसळल्या. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरील पूल वाहून गेला. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ याच जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आदळले आणि अनेक गावांतील वीज व मोबाइल सेवा कित्येक दिवस बंद राहिली. २०२१ मध्ये तळिये आणि २०२३ मध्ये खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडी दरडीखाली गाडली गेली. मोबाइल मनोऱ्याला वीज लागते, पुढे जोडणारी वाहिनी लागते, आणि यांतले एक तुटले तरी त्याखालचे सारे फोन मुके होतात. दोन गाड्यांमधल्या थेट संभाषणाला असे मधले काही लागत नाही, आणि गाडी स्वतःच चालते वीजघर असते: टाकीत इंधन आहे तोवर बॅटरी भरत राहते. मधल्या यंत्रणेविना चालणाऱ्या रेडिओचे मोल अन्यत्रही दिसले आहे: डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर पोर्ट ब्लेअरहून हौशी रेडिओचालक भारती प्रसाद यांच्या पथकाने दिवसेंदिवस संदेश पोहोचवले.

भारतात असा संच कोणालाही परस्पर वापरता येत नाही. १९३३ च्या भारतीय बिनतारी तारायंत्र कायद्यापासून परवान्याची अट चालत आली आहे, आणि त्या जुन्या कायद्याची जागा घेण्यासाठी संसदेने २०२३ मध्ये दूरसंचार कायदा मंजूर केला. हौशी चालकाला केंद्र सरकारची परीक्षा उत्तीर्ण होऊन संकेतनाम मिळवावे लागते; पंतप्रधान राजीव गांधी यांचे संकेतनाम व्हीयू२आरजी होते. १९७८ च्या नियमांनी घडवलेल्या या चौकटीत बाराव्या वर्षापासून परीक्षा देता येते, ही सवलत तालुक्यातील शाळांनी मनावर घेण्यासारखी आहे.

चालवण्याची रीत बसवण्याइतकीच शिस्तीची आहे. प्रथम ऐकावे आणि वाट मोकळी असेल तरच बोलावे. कळ दाबल्यावर अर्धा क्षण थांबावे, नाहीतर रिपीटर जागा होण्याआधीच पहिला शब्द तुटतो, आणि तो शब्द बहुधा ज्याला हाक मारायची त्याचेच नाव असतो. आधी त्याचे नाव, मग आपले, मग ठिकाण आणि काम. बोलणे संपले की ‘ओव्हर’. ठिकाण सांगताना ‘पुढच्या वळणावर’ असे न म्हणता ‘हमरापूर फाटा’, ‘खारपाड्याचा पूल’, ‘वडखळ नाका’ असे, कोणालाही एकच अर्थ लागेल असे नाव घ्यावे. माइक हुकाला न लावता आसनावर टाकला आणि त्याची कळ अंगाखाली दबली, तर एक गाडी सर्वांचीच वाट अडवून बसते आणि तिच्या चालकाला ते कळतही नाही, कारण दबलेल्या कळीमुळे त्याला काहीच ऐकू येत नसते. यासाठी संचात ठरावीक वेळेनंतर प्रक्षेपण आपोआप तोडणारी सोय असते. ती बसवतानाच चालू करून द्यावी. गाडी हाकणाऱ्याने संच हाताळू नये, हे काम शेजारी बसलेल्याचे. हातात धरण्याची संपर्क-उपकरणे वाहन चालवताना वापरणे २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात धोकादायक वाहनचालनाच्या कलमात नोंदले गेले आहे.

खाडीकाठच्या हवेत मीठ असते आणि पावसाळा चार महिने मुक्काम करतो, म्हणून या भागातील संचाची सर्वाधिक हानी इलेक्ट्रॉनिक भागांत न होता सांध्यांत होते. अँटेनेच्या बुडाशी केबलचे जाळीदार वेष्टन पाणी शोषून वातीसारखे आत ओढते आणि काळे पडते. सांगाड्याला जोडलेल्या ऋण तारेखाली गंजाचा पातळ थर चढतो आणि गाडी हादरली की आवाज तुटतो. मे महिन्याच्या अखेरीस हे दोन सांधे उघडावे, पत्रा चकाकेपर्यंत घासावा, ग्रीस लावून पुन्हा घट्ट करावे, केबलच्या टोकाला ताणून गुंडाळण्याची रबरी टेप खालून वरच्या दिशेने चढवावी, म्हणजे तिच्या कडा खाली वळतात आणि पाणी आत शिरण्याऐवजी ओघळून जाते, आणि मग मीटर जोडून गुणोत्तराचा आकडा गाडीच्या वहीत, मागच्या वर्षीच्या आकड्याखाली लिहावा.