पुस्तकातला हात आणि आपला हात

दोस्तांनो, आत्ता एक गंमत करून बघा. अंगठा करंगळीला टेकवा आणि मनगट जरा आत वाकवा. मधोमध दोरीसारखं काही वर आलं? ती शीर नव्हे, ती कंडरा. म्हणजे स्नायूचं चिवट टोक. आता शेजारच्याचं मनगट बघा. त्याला ती नसेलही! घाबरू नका. काहीजणांना हा स्नायू जन्मापासूनच नसतो आणि त्यांचं काही अडतही नाही. म्हणूनच दुसरीकडची कंडरा तुटली, तर सर्जन बऱ्याचदा हीच काढून तिथे जोडतात.

पुस्तकातल्या चित्रात मात्र एकच हात असतो. म्हणून डॉक्टर होणाऱ्या मुलांना पहिल्याच वर्षी विच्छेदनगृहात जावं लागतं. तिथे मृतदेहाचा एकेक थर उलगडून शरीर शिकायचं.

नुसत्या पुस्तकावर विसंबलं तर काय होतं? गेलन नावाच्या जुन्या वैद्याने प्राण्यांची शरीरं तपासून लिहिलं, की खालचा जबडा दोन हाडांचा असतो. सुमारे तेराशे वर्षं लोकांनी ते मानलं! शेवटी व्हेसॅलियसने माणसाचं शरीर स्वतः तपासलं आणि १५४३ साली ग्रंथ लिहून अशा कितीतरी चुका दाखवल्या. माणसाचा खालचा जबडा एकाच हाडाचा असतो. आपल्याकडे १८३६ साली कोलकात्यात पंडित मधुसूदन गुप्तांनी समाजाचा रोष पत्करून विच्छेदन केलं.

मग या विषयाचा अभ्यास करायचा कसा? आदल्या रात्री पाठ वाचायचा. हाड हातात घेऊन ते उजवं की डावं, ते ओळखायचं. एका हातात २७ हाडं, त्यांतली ८ मनगटात! चित्र स्वतः काढायचं, मित्राला समजावून सांगायचं. परीक्षेत एखाद्या नसेला दोरा बांधून ठेवलेला असतो. घंटा वाजायच्या आत ती ओळखायची. तिथे नुसती घोकंपट्टी कामाला येत नाही.

फॉर्मॅलिनच्या वासाने डोळे चुरचुरतात, कुणाला चक्करही येते. सवय होते हळूहळू. पण एका गोष्टीची सवय होऊ द्यायची नसते. टेबलावर कुणाचे तरी आजोबा असतात, कुणाची तरी आई असते. घरच्यांनी दुःख गिळून, अंत्यसंस्कार न करता तो देह मुलांना शिकायला दिलेला असतो. म्हणून तिथे थट्टामस्करी नाही, फोटो नाही. पहिल्या दिवशी बऱ्याच कॉलेजांत मुलं हात जोडून शपथ घेतात. एक शब्दही न बोलता शिकवणारे हे त्यांचे पहिले गुरुजी!