निर्यातशुल्क आणि दबावगट : लोहखनिज व जुन्नर-आंबेगावचा कांदा

निर्यातशुल्क हे महसुलापेक्षा नियंत्रणाचे साधन होय. सीमाशुल्क दरपत्रक अधिनियम, १९७५ च्या कलम ८ अन्वये केंद्र शासन हे शुल्क अधिसूचनेद्वारे आकारू वा वाढवू शकते; संसदेची मान्यता नंतर घेतली जाते. साहजिकच प्रभाव पाडण्याचे खरे स्थान सभागृह नसून मंत्रालयाचे दालन असते. तेथे कोणाला प्रवेश मिळतो, हा कळीचा प्रश्न आहे.

लोहखनिजाबाबत दोन संघटित हितसंबंध परस्परांसमोर उभे असतात. खाणचालकांना निर्यात हवी असते, तर पोलाद उद्योगाला देशातच स्वस्त खनिज हवे असते. गोव्याचे खनिज बहुतांशी हलक्या प्रतीचे असून देशी कारखान्यांत त्याला मागणी कमी, ही बाजू निर्यातदारांनी सातत्याने मांडली. २०१६ च्या अर्थसंकल्पात ५८ टक्क्यांहून कमी लोह असलेल्या खनिजावरील शुल्क माफ झाले. मे २०२२ मध्ये त्यावर ५० टक्के शुल्क लादले गेले, ते १९ नोव्हेंबर २०२२ पासून पुन्हा शून्यावर आले. अवघ्या सहा महिन्यांत!

कांद्याची कहाणी निराळी आहे. जुन्नर व आंबेगाव तालुक्यांतील शेतकरी उन्हाळी कांदा चाळीत साठवून पावसाळ्यात ओतूर, आळेफाटा, मंचर येथील बाजारांत आणतो. नेमक्या याच काळात, १९ ऑगस्ट २०२३ रोजी, ४० टक्के निर्यातशुल्क लागू झाले. कागदोपत्री ते निर्यातदाराने भरावयाचे. प्रत्यक्षात व्यापारी लिलावातील बोली तेवढी खाली आणतो आणि भार उत्पादकावर पडतो. ८ डिसेंबर २०२३ पासून तर निर्यातबंदीच आली.

मॅन्कर ऑल्सन यांनी १९६५ मध्ये मांडल्याप्रमाणे लहान गट सहज संघटित होतात, विखुरलेले मोठे गट होत नाहीत. शेजारच्या खेड तालुक्यातील चाकणच्या कांदा आंदोलनाने शरद जोशी यांनी हा नियम काही काळ खोटा ठरविला, हे येथे नमूद केले पाहिजे. परंतु दिल्लीत शिष्टमंडळ कायम ठेवणे लहान कांदा उत्पादकाला परवडणारे नाही. त्याच्यापाशी उरतो तो रस्ता आणि मतपेटी. डिसेंबर २०२३ मध्ये खासदार अमोल कोल्हे यांचा शेतकरी आक्रोश मोर्चा शिवनेरीहून पुण्याकडे निघाला. निर्यातबंदी उठविणे ही त्याची एक प्रमुख मागणी होती.

बंदी उठली ४ मे २०२४ रोजी, तीही ४० टक्के शुल्क व प्रतिटन ५५० डॉलर किमान निर्यातमूल्य लावून. शिरूर लोकसभा मतदारसंघाचे मतदान १३ मे रोजी होते. विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर, सप्टेंबर २०२४ मध्ये, किमान निर्यातमूल्य रद्द होऊन शुल्क २० टक्क्यांवर आले. उरलेले शुल्क १ एप्रिल २०२५ पासून मागे घेण्यात आले.