दिवस राहण्यापूर्वीची गोळी

इ. स. १९२८ मध्ये डॉ. ल्यूसी विल्स या इंग्रज विदुषी मुंबईस आल्या त्या गरोदर स्त्रियांच्या एका पांडुरोगाचा छडा लावण्यासाठी. गिरण्यांत राबणाऱ्या, अर्धपोटी राहणाऱ्या अनेक बाया ऐन गर्भारपणात पांढऱ्याफटक पडत, चार पायऱ्या चढताच धापा टाकू लागत, त्यांच्या रक्तातील तांबड्या पेशी संख्येने घटून आकाराने मात्र अवाजवी मोठ्या होत, आणि कित्येकजणी बाळंतपणातून उठतच नसत. परळच्या हाफकिन संस्थेत चाललेल्या या संशोधनातून डॉ. विल्स यांना असे आढळले की, यीस्टचा जो काळसर अर्क इंग्रज लोक मार्माइट या नावाने पावाला लावून खात, तो दिल्याने या स्त्रियांचे रक्त पूर्ववत होते. १९३१ मध्ये त्यांनी ही हकीकत प्रसिद्ध केली. त्या अर्कातील गुणकारी द्रव्य १९४१ मध्ये अमेरिकेत पालकाच्या पानांतून वेगळे काढण्यात आले आणि पुढे काही वर्षांनी आंध्रात जन्मलेल्या येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या मार्गदर्शनाखाली लेडर्ली प्रयोगशाळेत कृत्रिम रीतीने तयारही झाले. तेच फॉलिक ॲसिड.

आईच्या रक्तासाठी शोधलेले हे द्रव्य गर्भाच्या मज्जासंस्थेचेही रक्षण करते, हे ध्यानात यायला मात्र पुढे कित्येक दशके जावी लागली. गर्भाच्या पाठीवरील पेशींचा एक सपाट पट्टा दोन्ही कडांनी उचलला जाऊन, त्या कडा मध्यरेषेवर जुळून जी नळी तयार होते, तिच्यापासूनच पुढे मेंदू आणि मज्जारज्जू घडतात. आणि गर्भधारणेपासून २८ दिवसांच्या आत ही नळी दोन्ही टोकांना मिटते किंवा कायमची उघडी राहते. वरचे टोक उघडे राहिले तर मेंदू व कवटी घडतच नाहीत आणि असे बालक जगत नाही; खालची बाजू उघडी राहिली तर पाठीचा कणा दुभंगलेला राहतो, आणि मूल जगले तरी पायांतील बळ, मलमूत्रावरील ताबा यांना पुष्कळदा मुकते. या दिवसांत पेशी विलक्षण वेगाने विभागत असतात, प्रत्येक विभाजनास नवे डीएनए लागते, आणि ते रचण्याच्या कामी फॉलिक ॲसिडवाचून चालत नाही.

इंग्लंडमध्ये रिचर्ड स्मिथेल्स यांनी हा संबंध चिकाटीने पुढे मांडला. परंतु ज्या स्त्रियांना त्यांनी जीवनसत्त्वे दिली त्यांची निवड चिठ्ठ्या टाकल्यासारखी निःपक्षपाती नव्हती, म्हणून शंका उरली. ती मिटविण्यासाठी ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने १९८३ मध्ये सात देशांतील ३३ केंद्रांवर प्रयोग आरंभिला आणि पूर्वी असे मूल झालेल्या १८१७ स्त्रियांची त्यात नोंद केली. विकृती आढळलेल्या २७ गर्भांपैकी केवळ ६ फॉलिक ॲसिड घेणाऱ्या स्त्रियांचे होते, उरलेले २१ ते न घेणाऱ्यांचे. धोका ७२ टक्क्यांनी घटतो हे उघड झाल्यावर कोणाही स्त्रीस औषधावाचून ठेवणे नीतीस धरून राहिले नाही, आणि १९९१ मध्ये तो प्रयोग मुदतीपूर्वीच थांबविण्यात आला. पूर्वी असे मूल न झालेल्या स्त्रियांनाही लाभ होतो, हे पुढच्याच वर्षी हंगेरीत एन्द्रे त्सायझेल यांनी दाखविले.

एवढे निर्विवाद ज्ञान हाती असूनही ते निरुपयोगी ठरते ते काळामुळे. पाळी चुकली, खात्री झाली, घरी बोलणे झाले, मग आरोग्यकेंद्राच्या दप्तरात नाव चढले आणि गोळ्या मिळाल्या. तोवर ते २८ दिवस बहुधा सरलेले असतात. ही गोळी गर्भधारणेच्या किमान महिनाभर आधी सुरू होऊन पहिले तीन महिने चालू राहिली पाहिजे. प्रमाण रोज ४०० मायक्रोग्रॅम, आणि आधी असे मूल झालेल्या मातेस डॉक्टरांच्या देखरेखीखाली त्याच्या दसपट. पालक, मेथी, हरभरा, डाळी यांत हे द्रव्य असते खरे, परंतु बराच वेळ शिजविण्यात त्याचा मोठा हिस्सा नष्ट होतो.

म्हणूनच अमेरिकेने १९९८ पासून पिठातच ते मिसळण्याचा हुकूम लागू केला. दर १०० ग्रॅममागे १४० मायक्रोग्रॅम. आपल्याकडे रेशनवर मिळणाऱ्या पोषणयुक्त तांदळात त्याचे प्रमाण किलोमागे ७५ ते १२५ मायक्रोग्रॅम एवढेच आहे. दिवसाकाठी ३०० ग्रॅम तांदूळ खाणाऱ्या स्त्रीच्या पोटात गरजेच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी जाते. फॉलिक ॲसिडचा अतिरेक झाल्यास बी-१२ जीवनसत्त्वाची उणीव रक्तात झाकली जाते आणि आत मज्जातंतूंची हानी चालूच राहते, हा आक्षेप शाकाहारी समाजात गंभीरपणे घ्यावा असाच आहे. परंतु त्यावरचा उपाय बी-१२ची जोड देणे हा आहे, फॉलिक ॲसिड रोखणे हा नव्हे. प्रस्तुत लेखकाच्या मते आज करता येण्याजोगी तजवीज साधी आहे: ज्या दप्तरात विवाहाची नोंद होते, तेथेच नवदांपत्याच्या हाती या गोळ्या व त्या केव्हा घ्याव्यात याची माहिती पडावी, आणि दुसऱ्या मुलाचा विचार करणाऱ्या घरी ती आशाताईंनी आठवणीने पोहोचवावी.