पिकअप घेताय? मोठी म्हणजे मजबूत, असं नसतं

फोर्डची एफ-मालिका १९७७ पासून अमेरिकेत सर्वाधिक खपणारी पिकअप आहे. तळ्यावर बोट न्यायची असो, बागेसाठी माती आणायची असो, की कॅम्पर जोडून सुट्टीला निघायचं असो, तिथे पिकअपच आठवते. तिकडे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांच्या अंगणातही ती उभी दिसते. २०२१ मध्ये फोर्डची मॅव्हरिक आणि ह्युंदाईची सांता क्रूझ या छोट्या पिकअप आल्या आणि जुना वाद पुन्हा रंगला : घ्यायची ती मोठी की लहान? या वादात छातीठोकपणे सांगितली जाणारी बरीच विधानं अर्धीच खरी असतात.

गैरसमज १ : मोठी गाडी जास्त टिकते.

वस्तुस्थिती : टिकाऊपणा इंजिन आणि गिअरबॉक्स कोणते, ते कोणत्या वर्षी बनले आणि गाडीची निगा कशी राखली, यावर ठरतो. टोयोटाचं नाव भरवशासाठी घेतलं जातं आणि टंड्रा ही त्यांची सर्वांत मोठी पिकअप. तरीही २०२४ मध्ये टंड्रा आणि लेक्सस एलएक्स मिळून सुमारे १ लाख २ हजार गाड्या अमेरिकेत परत बोलवाव्या लागल्या. कारखान्यात धातूचा कीस इंजिनात राहून गेल्याने इंजिन बंद पडण्याचा धोका होता. २०२५ मध्ये जनरल मोटर्सने ६.२ लिटर व्ही-८ इंजिनाच्या जवळपास सहा लाख पिकअप आणि एसयूव्ही परत बोलावल्या. दोष क्रँकशाफ्ट आणि कनेक्टिंग रॉडमध्ये होता. लहान गाड्याही यातून सुटलेल्या नाहीत. २०२२ मध्ये फोर्डने आगीच्या धोक्यामुळे ज्या हायब्रिड गाड्या परत बोलावल्या, त्यांत मॅव्हरिकही होती.

गैरसमज २ : जाहिरातीतला ओढण्याचा आकडा आपल्याही गाडीला लागू असतो.

वस्तुस्थिती : तो आकडा त्या मॉडेलच्या सर्वांत ताकदवान जोडणीचा असतो. सुरुवातीची हायब्रिड मॅव्हरिक २,००० पौंड, म्हणजे सुमारे ९०० किलो ओढते; तीच गाडी टर्बो इंजिन आणि टोइंग पॅकेजसह घेतली तर ४,००० पौंड. एफ-१५० चा २०२१ चा कमाल आकडा १४,००० पौंड होता, पण तो ठरावीक इंजिन, एक्सल आणि पॅकेज असलेल्या गाडीचा. टोयोटाची मधल्या आकाराची टॅकोमा जास्तीत जास्त ६,५०० पौंडांपर्यंत जाते.

गैरसमज ३ : हे आकडे कंपन्या मनाने ठरवतात.

वस्तुस्थिती : पूर्वी बऱ्याच अंशी तसंच होतं. २००८ मध्ये जे-२८०७ हे चाचणीचं मानक आलं आणि २०११ च्या मॉडेलांपासून ते आधी टोयोटाने स्वीकारलं. त्यात ॲरिझोनातल्या डेव्हिस डॅमजवळचा ११.४ मैलांचा घाट पूर्ण वजनानिशी, एसी पूर्ण चालू ठेवून आणि किमान १०० अंश फॅरनहाइट तापमानात चढावा लागतो. नेहमीच्या पिकअपचा वेग ताशी ४० मैलांखाली घसरला की ती नापास.

गैरसमज ४ : ट्रेलरचं वजन ओढण्याच्या मर्यादेत बसलं की काम झालं.

वस्तुस्थिती : बहुतेक जण इथेच फसतात. ट्रेलरच्या वजनाचा साधारण १० ते १५ टक्के भार गाडीमागच्या जोडणीवर, म्हणजे हिचवर येतो आणि तो गाडीच्या वहनक्षमतेतून वजा होतो. समजा, आलिशान मोठ्या पिकअपची वहनक्षमता १,४०० पौंड आहे आणि मागे १०,००० पौंडांचा ट्रेलर आहे. १२ टक्क्यांनी १,२०० पौंड हिचवर गेले. उरलेल्या २०० पौंडांत चालक बसला की हौदा रिकामाच ठेवावा लागेल. मोठी केबिन, काचेचं छत आणि फोर-व्हील ड्राइव्ह यांचं वजन याच क्षमतेतून जातं. म्हणून १,५०० पौंड वाहणारी मॅव्हरिक काही महागड्या मोठ्या गाड्यांच्या बरोबरीला येते.

गैरसमज ५ : दणकट हिच बसवली की ताकद वाढते.

वस्तुस्थिती : हिच, गाडी, टायर यांपैकी ज्याची मर्यादा सर्वांत कमी, तीच संपूर्ण जोडणीची मर्यादा. जाड हिचमुळे ब्रेक किंवा एक्सल बदलत नाहीत.

गैरसमज ६ : मग लहान गाडीनेच सगळं भागतं.

वस्तुस्थिती : नाही. मॅव्हरिक आणि सांता क्रूझ कारसारख्या एकसंध सांगाड्यावर बांधलेल्या आहेत. एफ-१५० किंवा टंड्रा स्वतंत्र चॅसीवर. मोठ्या गाडीचं वजन, लांब व्हीलबेस आणि मोठे ब्रेक यांमुळे आडव्या वाऱ्यात आणि उतारावर ट्रेलर ताब्यात राहतो. लहान गाडी रोज मर्यादेच्या टोकाला राबवली, तर गिअरबॉक्स तापतो आणि तेल लवकर बदलावं लागतं. ब्रेकचा प्रश्न तर दोघींनाही आहे : अनेक राज्यांत ३,००० पौंडांवरच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक सक्तीचे आहेत, कॅलिफोर्नियात ही मर्यादा १,५०० पौंड आहे.

तेव्हा विकत घेण्यापूर्वी चालकाच्या दाराच्या चौकटीवरचं पिवळ्या-पांढऱ्या रंगाचं लेबल वाचा. माणसं आणि सामान मिळून किती वजन चालेल, ते त्या विशिष्ट गाडीपुरतं तिथे छापलेलं असतं. भरलेला ट्रेलर वजनकाट्यावर तोलून घ्या आणि त्या इंजिनाच्या गाड्या परत बोलावल्या गेल्या होत्या का, ते तपासा. वर्षातून दोनदा जेट-स्की न्यायची असेल तर लहान पिकअप पुरेशी आहे. दर महिन्याला तीन टनांचा कॅम्पर घाटातून ओढायचा असेल तर मोठीच घ्या.