हौशी मंडळींची आगगाडी

'हौशी' हा शब्द आपण मराठीत जरा हलक्या सुरातच उच्चारतो. हौशी गायक म्हटला की सुरांची खात्री नाही, आणि हौशी नट म्हटला की पाठांतराची! पण अशा हौशी माणसांच्या हाती चक्क एक आगगाडी दिली तर? मराठी शिकविणे हा माझा व्यवसाय. पण हा शब्द पुन्हा तपासून पाहावा असे मला वाटले, ते वेल्समधल्या टॅलिथ्लिन रेल्वेमुळे.

कार्डिगन उपसागराच्या काठी टाउइन नावाचे गाव आहे. उन्हाळ्यात तेथे समुद्रावर हवा खायला मंडळी येतात. या गावातून वाफेची एक चिमुकली गाडी डोंगरात जाते. दोन रुळांतले अंतर अवघे सव्वादोन फूट. आपल्या माथेरानच्या गाडीपेक्षा तीनच इंच अधिक! ब्रिन एग्ल्विसच्या खाणीतला पाटीचा दगड खाली आणण्यासाठी १८६५ साली ही रेल्वे सुरू झाली. पुलांखालची जागा इतकी अरुंद निघाली, की डब्यांना दारे ठेवावी लागली ती एकाच बाजूला.

१९११ साली हेन्री हेडन जोन्स यांनी खाण आणि रेल्वे दोन्ही विकत घेतल्या. १९४६च्या अखेरीस खाण ढासळली आणि कायमची बंद झाली. पुढे १९४८ साली सरकारने देशातल्या रेल्वे ताब्यात घेतल्या, त्यांत हिला कोणी विचारलेही नाही. तरीही आपण जिवंत असेतो गाडी चालेल, हा दिलेला शब्द सर हेडन यांनी पाळला. जुलै १९५० मध्ये ते वारले, तेव्हा रुळांत गवत माजले होते, स्लीपर कुजले होते आणि सारी भिस्त १८६६ सालच्या 'डॉलगॉख' या एकट्या इंजिनावर होती.

आता ही गाडी भंगारात जाणार, हे उघडच होते. पण टॉम रोल्ट या इंजिनिअर-लेखकाने पुढाकार घेतला. ऑक्टोबर १९५० मध्ये बर्मिंगहॅमला सभा भरली, संस्था निघाली, आणि १४ मे १९५१ रोजी संस्थेची पहिली गाडी धावली. स्वयंसेवकांनी वाचवून चालविलेली जगातली ही पहिली रेल्वे! थॉमस इंजिनाच्या बालकथा लिहिणारे पाद्री ऑड्री हेही येथे स्वयंसेवक म्हणून राबले.

गंमत वाटते, पण डब्यात बसलेल्या लेकराबाळांचे प्राण काही हौसेवर सोडता येत नाहीत. म्हणून येथे आधी इंजिन पुसायचे, मग भट्टीत कोळसा टाकायचा आणि परीक्षा उतरल्यावरच ड्रायव्हर व्हायचे. पगारी माणसे थोडी. बाकीचे सुटीत येऊन हात काळे करणारे.

१९७६ साली प्रवासी गाडी नांट ग्वेर्नॉलपर्यंत पुढे गेली. २०२१ साली वेल्सचा हा पाटीच्या दगडाचा मुलूख रेल्वेसकट युनेस्कोच्या जागतिक वारशात दाखल झाला. हौसेला शिस्तीची जोड मिळाली, तर मोडीत निघालेली गाडीही सत्तर वर्षांहून अधिक काळ धावते. आपल्या वाचनालयांच्या आणि नाट्यमंडळांच्या हौशी चालकांनो, हा हिशेब तुम्हीही एकदा मांडून पाहा!