कोण किती हालतं?

प्रौढांनी आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम श्रम करावेत, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. मध्यम म्हणजे बोलता येईल, पण गाणं म्हणता येणार नाही इतपत दम लागेल असे. २०२२ च्या अंदाजानुसार जगातले ३१ टक्के प्रौढ तेवढंही करत नाहीत. भारतात असे प्रौढ जवळपास निम्मे: पुरुष सुमारे ४२ टक्के, बायका तब्बल ५७. यात आळस शोधू नये. ओट्याशी तासन्‌तास उभं राहून पाय भरून येतात, पण दम लागत नाही. डोक्यावरून पाणी आणणं, खुरपणी हे श्रम मात्र हिशेबात धरले जातात. बाईला सकाळी अर्धा तास झपझप चालायला जायचं, तर डबे घरातल्या दुसऱ्या कुणीतरी भरायला हवेत.